वाटाघाटींतल्या दोन खुर्च्या : उत्तर आयर्लंडची स्त्री-आघाडी

#थ्रेड #इतिहास

१/
एप्रिल १९९६. उत्तर आयर्लंडमधील रक्तपाताला तीस वर्षे होत आली होती. दीड महिन्यावर एक निवडणूक येऊन ठेपली होती आणि तिच्यात निवडून येणाऱ्या पक्षांनाच शांततेच्या वाटाघाटींत प्रवेश मिळणार होता. त्या दीड महिन्यात काही स्त्रियांनी एक नवा पक्ष उभा केला. त्याला जेमतेम एक टक्का मते पडली. तरीही दोन वर्षांनी झालेल्या ऐतिहासिक करारात या पक्षाने लावून धरलेल्या कलमांना जागा मिळाली. हे कसे घडले, आणि पुढे दहा वर्षांत तो पक्ष नाहीसा का झाला, याची ही हकीकत.

२/
आधी पार्श्वभूमी. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. दक्षिणेचा मोठा भाग पुढे स्वतंत्र झाला; उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तेथील बहुसंख्य प्रॉटेस्टंट ब्रिटनशी असलेले ऐक्य टिकवू पाहत. त्यांना 'युनियनवादी' म्हणत. अल्पसंख्य कॅथलिकांपैकी बहुतेकांना अखंड आयर्लंड हवे होते. ते 'राष्ट्रवादी'. घरे, नोकऱ्या आणि स्थानिक मताधिकार यांत कॅथलिकांना दुय्यम वागणूक मिळे. १९६८ मध्ये त्याविरुद्ध नागरी हक्कांचे मोर्चे निघाले, ते दडपले गेले, आणि १९६९ मध्ये ब्रिटिश लष्कर रस्त्यावर उतरले.

३/
त्यानंतर एका बाजूला आयआरए, दुसऱ्या बाजूला युनियनवाद्यांच्या सशस्त्र संघटना आणि मध्ये लष्कर व पोलीस, असा संघर्ष पेटला. जेमतेम पंधरा-सोळा लाख वस्तीच्या या प्रदेशातील संघर्षाने साडेतीन हजारांहून अधिक बळी घेतले. बेलफास्टमध्ये दोन समाजांच्या वस्त्यांमध्ये उंच भिंती उभ्या राहिल्या. त्यांना नाव मिळाले 'शांतता-रेषा'. मुले वेगळ्या शाळांत जात, माणसे वेगळ्या मोहल्ल्यांत राहत. पलीकडच्या माणसाशी मैत्री होण्याचा प्रसंगच बहुतेकांच्या आयुष्यात येत नसे.

४/
या काळात स्त्रिया कोठे होत्या? 'स्त्री ही स्वभावतःच शांतताप्रिय' हे सुभाषित येथे टिकत नाही. आयआरएमध्ये स्त्रियाही होत्या, काहींनी बॉम्ब पेरले, काहींनी तुरुंगवास भोगला. जुलै १९७० मध्ये लष्कराने बेलफास्टच्या फॉल्स भागात संचारबंदी लादली, तेव्हा दूध आणि पाव घेऊन, बाबागाड्या ढकलत आलेल्या स्त्रियांच्या मोर्च्याने ती मोडून काढली. नवरा वा मुलगा तुरुंगात आणि घराचा भार एकटीवर, अशा स्त्रिया दोन्ही समाजांत होत्या. संघर्षाची झळ त्यांना पुरुषांइतकीच लागत होती. निर्णयांत मात्र त्या नव्हत्या.

५/
१० ऑगस्ट १९७६. बेलफास्टमध्ये ब्रिटिश सैनिकांनी आयआरएच्या एका मोटारीवर गोळ्या झाडल्या. चालक ठार झाला आणि बेफाम मोटार पायी चाललेल्या एका कुटुंबावर आदळली. एका आईची तीन मुले गेली. त्या मुलांची मावशी मेरेड कॉरिगन आणि त्याच परिसरात राहणारी बेटी विल्यम्स या दोघींनी हाक दिली, आणि दोन्ही समाजांच्या हजारो स्त्रिया एकत्र चालू लागल्या. या चळवळीला 'पीस पीपल' हे नाव मिळाले. १९७६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक दोघींना देण्यात आले.

६/
पण काही वर्षांतच ही लाट ओसरली. अंतर्गत वाद हे त्याचे एक कारण. त्याहून खोल कारण असे, की 'हत्या थांबवा' या मागणीवर सर्वांचे एकमत होते, पण हत्या थांबल्यावर राज्य कसे चालावे, पोलीस कोणाचे असावेत, कैद्यांचे काय करावे, या प्रश्नांवर ते नव्हते. शिवाय या प्रश्नांचा निकाल जेथे लागायचा, त्या खोल्यांत मोर्च्यांना प्रवेश नव्हता. रस्त्यावरच्या शांततेची धाव दारापर्यंतच होती.

७/
मोर्चे थांबले तरी काम थांबले नाही. पुढची पंधरा-वीस वर्षे वस्तीवस्तीतून स्त्रियांची केंद्रे, पाळणाघरे, प्रौढ शिक्षणाचे वर्ग चालू राहिले. १९९० च्या सुमारास बेलफास्टच्या नगरपालिकेने कॅथलिक फॉल्स रोडवरील स्त्री-केंद्राचे अनुदान बंद केले, तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहिले ते भिंतीपलीकडच्या प्रॉटेस्टंट शँकिल भागातील स्त्री-केंद्र. देश कोणता, यावर या स्त्रियांचे एकमत नव्हते. तो मतभेद न लपवता एकत्र काम कसे करायचे, हे त्या शिकल्या होत्या. पुढे हीच शिदोरी उपयोगी पडली.

८/
१९९४ मध्ये प्रथम आयआरएने आणि पाठोपाठ युनियनवादी सशस्त्र संघटनांनी शस्त्रसंधी जाहीर केली. पण वाटाघाटींपूर्वी शस्त्रे खाली ठेवायची की नंतर, यावर घोडे अडले. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या डॉकलँड्स भागात स्फोट घडवून आयआरएने शस्त्रसंधी मोडली. अखेर जॉन मेजर यांच्या सरकारने तोडगा काढला : ३० मे १९९६ रोजी निवडणूक घ्यायची आणि तीतून वाटाघाटींचे प्रतिनिधी ठरवायचे.

९/
त्या वेळी उत्तर आयर्लंडमधून ब्रिटिश संसदेत गेलेल्या खासदारांत एकही स्त्री नव्हती. स्त्री-संघटनांनी पक्षांना पत्रे लिहिली : उमेदवारांच्या याद्यांत स्त्रियांना ठळक स्थान द्या. पक्षांनी दाद दिली नाही. म्हणजे तीस वर्षांच्या युद्धाचा शेवट ठरवायला बसणार होते जवळजवळ सगळे पुरुषच. तेव्हा काहींनी प्रश्न विचारला : दुसऱ्यांच्या यादीत जागा मागण्यापेक्षा आपलीच यादी का देऊ नये?

१०/
निवडणुकीच्या नियमांतच एक फट होती. ११० जागांपैकी ९० जागा १८ मतदारसंघांतून भरायच्या होत्या. उरलेल्या २० जागा संपूर्ण प्रदेशात सर्वाधिक मते मिळवणाऱ्या पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन, अशा वाटायच्या होत्या. युनियनवादी सशस्त्र संघटनांशी जवळीक असलेले दोन छोटे पक्ष वाटाघाटींबाहेर राहू नयेत, हा त्यामागचा हेतू. बंदूकवाल्यांना आत घेण्यासाठी ठेवलेल्या या दारातून आपल्यालाही जाता येईल, हे स्त्रियांनी हेरले. एकही मतदारसंघ जिंकण्याची गरज नव्हती. गाठायचा होता फक्त दहावा क्रमांक.

११/
असा 'नॉर्दर्न आयर्लंड विमेन्स कोअ‍ॅलिशन' हा पक्ष जन्मला. मराठीत 'महिला आघाडी' म्हटले की एखाद्या पक्षाची शाखा डोळ्यांसमोर येते. ही स्त्री-आघाडी कोणाचीही शाखा नव्हती. तिच्याजवळ ना पैसा होता, ना निवडणूक लढवण्याचा अनुभव. तरीही दीड महिन्यात ७० स्त्रिया उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. त्यांत शिक्षिका होत्या, समाजसेविका होत्या, कामगार चळवळीतल्या होत्या, गृहिणी होत्या. प्रस्थापित पक्षांना उद्देशून त्यांनी घोषणा दिली : डायनासोरांना निरोप द्या.

१२/
यादीच्या अग्रभागी दोन नावे होती. मोनिका मॅकविल्यम्स कॅथलिक, विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या. पर्ल सेगर पूर्व बेलफास्टमधल्या प्रॉटेस्टंट समाजसेविका. ही जोडी योगायोगाने जमलेली नव्हती. सीमा राहावी की जावी, या मूळ प्रश्नावर आघाडीने जाणीवपूर्वक भूमिका घेतली नाही. तिने तीन तत्त्वे मान्य केली : समता, मानवी हक्क आणि सर्वांचा समावेश. कोणाच्याही भेटीला जाताना दोन्ही समाजांच्या प्रतिनिधी बरोबर असाव्यात, असा दंडक त्यांनी पाळला. इतर पक्ष मतभेद घेऊन टेबलाशी येत. आघाडी ते आधी आपल्या घरातच सोडवून येई.

१३/
निकाल लागला. आघाडीला ७,७३१ मते पडली, म्हणजे सुमारे एक टक्का. क्रमांक नववा. मतदारसंघातून एकही जागा नाही. पण पहिल्या दहांत असल्यामुळे दोन जागा हक्काने मिळाल्या. १० जून १९९६ रोजी वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा अमेरिकेचे माजी सेनेटर जॉर्ज मिचेल यांच्या अध्यक्षतेखालील टेबलाशी आघाडीच्या दोन खुर्च्या होत्या. मोठ्या पक्षांच्या मागून नव्हे, त्यांच्या बरोबरीने.

१४/
स्वागत मात्र सौजन्याचे झाले नाही. निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या सभागृहात आघाडीच्या सदस्या बोलायला उभ्या राहिल्या की डीयूपी या कट्टर युनियनवादी पक्षाच्या बाकांवरून गायींसारखे हंबरण्याचे आवाज निघत. घरी जा, गप्प बसा, हे तर नित्याचेच. आघाडीने त्यावर रडगाणे गायले नाही. आपल्या कार्यालयातील फलकावर त्या 'या आठवड्याचा अपमान' म्हणून निवडक उद्गार, उच्चारणाऱ्याच्या नावासह लावू लागल्या. हंबरणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणे, हाही एक संसदीय धडाच होता.

१५/
खरे काम बंद दाराआड होते. आरंभी आयआरएची शस्त्रसंधी मोडलेली असल्याने तिच्याशी संबंधित शिन फेन पक्षाला बाहेर ठेवले होते. आघाडीचे म्हणणे असे, की ज्यांच्यामुळे युद्ध चालू आहे त्यांना वगळून केलेला करार युद्ध थांबवू शकत नाही. म्हणून तिने शिन फेनशीही संपर्क ठेवला आणि युनियनवादी सशस्त्र संघटनांशी जवळीक असलेल्या पक्षांशीही. जुलै १९९७ मध्ये आयआरएने पुन्हा शस्त्रसंधी केली आणि सप्टेंबरमध्ये शिन फेन आत आली. त्याच कारणाने डीयूपी बाहेर पडली.

१६/
१९९८ च्या आरंभी सारे कोसळण्याची वेळ आली. मेझ तुरुंगात एका युनियनवादी म्होरक्याची हत्या झाली होती, सूडाचे सत्र सुरू झाले होते आणि युनियनवादी कैद्यांनी वाटाघाटींचा पाठिंबा काढून घेतला होता. तेव्हा उत्तर आयर्लंडच्या ब्रिटिश मंत्री मो मोलम स्वतः तुरुंगात जाऊन त्या कैद्यांना भेटल्या. टीकेचा भडिमार झाला, पण कैद्यांनी पाठिंबा पुन्हा दिला. पुढील आठवड्यांत हत्यांमुळे दोन पक्षांना काही काळ बाहेर काढण्यात आले. तेव्हाही आघाडीचा आग्रह हाच : दार बंद करा, पण कडी लावू नका.

१७/
टेबलावरचे मोठे विषय ठरलेले होते : सत्तावाटप, सीमा, शस्त्रे, कैदी. कैद्यांची मुदतपूर्व सुटका झाल्याखेरीज सशस्त्र संघटना करार मानणार नाहीत, हे उघड होते. पण ज्यांची माणसे त्या कैद्यांनी मारली, त्यांचे काय? हा प्रश्न आघाडीने सोडला नाही. हिंसेचे बळी ठरलेल्यांची दखल, त्यांना आधार आणि संघर्षाने होरपळलेल्या तरुणांकडे विशेष लक्ष, या गोष्टी करारात आल्या. मारणाऱ्याची सुटका लिहिणाऱ्या कागदावर मेलेल्यांच्या घरच्यांनाही जागा असली पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता.

१८/
दोन्ही समाजांची मुले एकत्र शिकतील अशा शाळांना उत्तेजन, मिश्र वस्त्यांच्या घरबांधणीला उत्तेजन, स्त्रियांचा राजकारणातील पूर्ण व समान सहभागाचा हक्क : ही वचनेही करारात आहेत. याशिवाय 'सिव्हिक फोरम', म्हणजे व्यापारी, कामगार संघटना, शेतकरी, चर्च व स्वयंसेवी संस्था यांची सल्लागार सभा. शांतता केवळ पुढाऱ्यांच्या ताब्यात राहू नये, म्हणून आघाडीने ही कल्पना मांडली होती. युद्ध थांबवणे हा कराराचा एक अर्थ. थांबलेले युद्ध पुढच्या पिढीत पुन्हा उगवू नये, हा दुसरा. ही कलमे त्या दुसऱ्या अर्थाची होती.

१९/
मिचेल यांनी दिलेली ९ एप्रिलच्या मध्यरात्रीची मुदत टळून गेली. रात्रभर वाटाघाटी चालल्या आणि १० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी सायंकाळी करार जाहीर झाला. २२ मे रोजी सार्वमत झाले. आघाडीच्या स्त्रियांनी दोन्ही समाजांच्या वस्त्यांतून प्रचार केला. उत्तर आयर्लंडमध्ये ७१.१ टक्के मतदारांनी होकार दिला. जूनमध्ये नव्या विधानसभेची निवडणूक झाली. १०८ सदस्यांत केवळ १४ स्त्रिया निवडून आल्या. त्यांपैकी दोघी आघाडीच्या : मोनिका मॅकविल्यम्स आणि जेन मॉरिस.

२०/
येथून कथेचा दुसरा भाग सुरू होतो. करारानुसार विधानसभेतील प्रत्येक सदस्याने आपली ओळख नोंदवायची होती : युनियनवादी, राष्ट्रवादी की 'इतर'. महत्त्वाच्या निर्णयांना युनियनवादी व राष्ट्रवादी अशा दोन्ही गटांची संमती आवश्यक होती. हेतू रास्त होता. एका समाजाने दुसऱ्यावर हुकमत गाजवू नये. पण परिणाम असा, की 'इतर' सदस्यांचे मत या दुहेरी संमतीच्या मोजणीत येत नसे. आघाडीने नोंद केली होती 'इतर' म्हणून.

२१/
नोव्हेंबर २००१ मध्ये याचे विचित्र टोक दिसले. डेव्हिड ट्रिंबल यांची प्रथम मंत्रिपदी फेरनिवड झाली नसती, तर करारावर उभे असलेले सरकारच कोसळले असते. पण युनियनवाद्यांत त्यांना मते कमी पडत होती. तेव्हा आघाडीच्या दोघींनी आपली ओळख बदलून घेतली : जेन मॉरिस यांनी 'युनियनवादी' आणि मोनिका मॅकविल्यम्स यांनी 'राष्ट्रवादी' अशी नोंद केली. तरीही ती फेरी थोडक्यात हुकली. काही दिवसांनी अलायन्स या दुसऱ्या मध्यममार्गी पक्षाने तोच मार्ग पत्करला आणि ट्रिंबल निवडून आले.

२२/
यातील व्यथा विसरण्यासारखी नाही. ज्या पक्षाने शिक्के पुसण्यासाठी जन्म घेतला, त्याला शांतता वाचवण्यासाठी स्वतःच्याच कपाळावर दोन वेगळे शिक्के मारून घ्यावे लागले. आणि हा नियम ज्या करारात होता, तो घडवण्यात त्याचाही हातभार होता. १९९६ प्रमाणे काही जागा छोट्या पक्षांना मिळाव्यात, अशी मागणी आघाडीने वाटाघाटींत केली होती. ती मान्य झाली नव्हती. ज्या दाराने त्या आत आल्या, ते त्यांच्या मागे बंद झाले होते.

२३/
ऑक्टोबर २००२ मध्ये विधानसभा स्थगित झाली. सिव्हिक फोरम तर २००० च्या अखेरीस जेमतेम सुरू झाला होता. विधानसभेबरोबर तोही थांबला आणि त्या स्वरूपात पुन्हा भरला नाही. नोव्हेंबर २००३ च्या निवडणुकीत शांततेची धास्ती घेतलेला मतदार दोन्ही टोकांकडे वळला. डीयूपी आणि शिन फेन हे आपापल्या समाजांतील सर्वांत मोठे पक्ष ठरले. आघाडीच्या दोन्ही जागा गेल्या. २००६ मध्ये पक्ष विसर्जित करण्यात आला. त्याचे आयुष्य अवघे दहा वर्षांचे.

२४/
मग हा प्रयोग फसला असे म्हणावे काय? ३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ संमत केला आणि शांतता-प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर स्त्रियांना स्थान देण्याचे आवाहन जगाला केले. बेलफास्टमध्ये हे काम कोणत्याही ठरावाची वाट न पाहता चार वर्षे आधीच झाले होते. स्त्रियांनी ते दयेने मिळवले नाही, की स्त्रीच्या कोमलतेचा दाखला देऊनही नाही. नियम वाचला, मते मोजली आणि जागा घेतली.

२५/
जानेवारी २०१६ मध्ये डीयूपीच्या अर्लिन फॉस्टर या उत्तर आयर्लंडच्या पहिल्या स्त्री प्रथम मंत्री झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिन फेनच्या मिशेल ओनील प्रथम मंत्री आणि डीयूपीच्या एमा लिटल-पेंगेली उपप्रथम मंत्री झाल्या. ज्या बाकांवरून एकेकाळी हंबरण्याचे आवाज आले, त्याच पक्षाच्या वतीने आता स्त्रिया सर्वोच्च पदांवर बसल्या. हा बदल मोठा आहे.

२६/
दुसरी बाजूही तितकीच खरी. बेलफास्टमधील अनेक भिंती अजून उभ्या आहेत. दोन्ही समाजांची मुले एकत्र शिकतील अशा शाळांत जाणारी मुले आजही शंभरांत दहा नाहीत. बंदुका थांबवणारी कलमे बहुतांशी अमलात आली. माणसे जोडणारी कलमे बहुतांशी कागदावर राहिली. आणि ती लावून धरणारा पक्ष ऐन गरजेच्या वेळी टेबलाशी नव्हता. करार लिहून घेण्यासाठी दोन खुर्च्या पुरल्या. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी त्या तेथेच राहायला हव्या होत्या.

(समाप्त)